लाल झगे आणि कोळशाचे हात

२१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस निवर्तले आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आले, त्या मधल्या दिवसांत एडवर्ड बर्गर यांच्या ‘कॉन्क्लेव्ह’ (२०२४) या चित्रपटाला एकाएकी मागणी आली. नव्या पोपच्या निवडीसाठी कार्डिनलांची बंद दाराआड भरणारी सभा समजून घ्यायला लोकांनी चित्रपटाचा आधार घेतला. कॅथलिक जीवनावरील आजच्या सिनेमाचे दुखणे नेमके येथे आहे. लाल झगे, प्रांगणातून सरकणाऱ्या पांढऱ्या छत्र्या आणि राल्फ फाइन्स यांचा संयत अभिनय यांना दाद द्यावीच लागते. परंतु श्रद्धेत शंकेलाही जागा असते, हा फाइन्स यांनी साकारलेल्या कार्डिनल लॉरेन्सच्या प्रवचनातला विचार वाऱ्यावर सोडून चित्रपट मतदानाच्या फेऱ्यांगणिक एकेका उमेदवाराचे पितळ उघडे पाडण्यात रमतो. या पटकथेला ऑस्कर मिळाले, यात नवल नाही.

‘द टू पोप्स’ (२०१९) हा दोन थोर नटांच्या गप्पांचा प्रसन्न कार्यक्रम आहे, आणि भूत उतरवणाऱ्या पाद्र्यांचे भयपट या चर्चेत धरूच नयेत.

खरी कमाई ‘कॉन्क्लेव्ह’च्याच वर्षीच्या ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ची आहे. क्लेअर कीगन यांच्या लघुकादंबरीवरील टिम मिलांट्स यांचा हा चित्रपट १९८५च्या नाताळात आयर्लंडमधील न्यू रॉस गावी घडतो. कोळसा विकणारा बिल फर्लाँग (किलियन मर्फी) रोज घरी परतल्यावर ब्रशने हात घासतो आणि कॅमेरा त्या हातांवरून हलत नाही. मठाच्या कोळशाच्या खोलीत कोंडलेली मुलगी त्याला सापडते. हा मठ म्हणजे ‘मॅग्डलेन लाँड्री’, ‘पतित’ ठरवलेल्या मुलींकडून बिनपगारी धुलाई करून घेणारी संस्था. मठाची प्रमुख धर्मभगिनी (एमिली वॉटसन) त्याच्या हाती नाताळचे शुभेच्छापत्र देते आणि आत पैसे असतात. गावातली शाळाही त्याच धर्मभगिनींची असल्यामुळे त्याच्या मुलींचे भवितव्य त्या पाकिटात आहे, हे बोलून दाखवावे लागत नाही. तरीही तो त्या मुलीला भर गावातून चालवत घरी आणतो.

न बोलता सांगण्याची हीच वाट ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ने (२०१०) दाखवली होती. १९९६ मध्ये अल्जीरियातील मठातून पळवून नेल्यानंतर मारल्या गेलेल्या मठवासीयांच्या या कथेत अखेरच्या भोजनाच्या वेळी ‘स्वान लेक’ ऐकणारे वृद्ध चेहरे कॅमेरा एकेक करून न्याहाळतो, आणि मरणाची भीती व तेथेच राहण्याचा निश्चय दोन्ही त्या सुरकुत्यांत वाचता येतात.

साक्रामेंत, म्हणजे पाणी, भाकर, तेल अशा साध्या पदार्थांतून देवाची कृपा लाभते हा विश्वास, कॅथलिक धर्माचा गाभा आहे. त्यामुळे हात, कोळसा आणि चेहरे यांवर भिस्त ठेवणारा सिनेमाच त्या धर्माला जवळचा ठरतो. अशा चित्रपटांनी चर्चची बदनामी होते, हा आक्षेप टिकत नाही. शेवटची मॅग्डलेन लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली आणि २०१३ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांनी त्या स्त्रियांची जाहीर माफी मागितली. जे घडले ते झाकण्यात कसली भक्ती? सत्तेचा थाट दाखवणारा सिनेमा भाविकाला वैभव आणि टीकाकाराला कारस्थान पुरवतो, दोघांनाही खूश ठेवतो आणि कोणालाच जाब विचारत नाही. ‘अशा वेळी तू काय केले असतेस?’ हे जो चित्रपट प्रेक्षकाला विचारत नाही, त्याला चर्चवरचा चित्रपट म्हणता येईल. श्रद्धेचा म्हणता येणार नाही.