सिनेमावरची पुस्तकं : घ्यायची कोणती आणि पारखायची कशी

चंद्रपूरच्या मित्रांनी आपल्या वाचनालयासाठी सिनेमावरच्या पुस्तकांची यादी केली आहे. इतिहास, समीक्षा, नटनट्यांची चरित्रं असं सगळं मिळून वीस-बावीस नावं. पैसे आहेत चार-पाच पुस्तकांपुरते. यातली कोणती घ्यावीत, असं त्यांनी मला हेमलकशाला विचारलं आहे. उत्तर खाजगी पत्रानं देता आलं असतं. पण हा प्रश्न एकट्या चंद्रपूरचा नाही, म्हणून इथंच देतो. ज्याला भांडायचं असेल त्यानं पुढच्या अंकात भांडावं.

यादीतली अर्धी नावं केवळ प्रसिद्ध म्हणून आलेली दिसतात. उरलेली अर्धी ‘आपल्या बाजूची’ म्हणून. पहिल्या हिशोबानं आपण प्रस्थापितांची आरती विकत घेऊन घरी आणू. दुसऱ्या हिशोबानं आपलीच पाठ आपणच थोपटत बसू. मला दोन्ही मान्य नाहीत. माझा निकष साधा आहे : जे पुस्तक पुरावा देतं ते घ्या. ज्यात नावं आहेत, साल आहे, कोणाला किती पैसे मिळाले ते आहे, कोण काय बोललं ते आहे. लेखक बामण आहे की महार, डावा आहे की उजवा, हे नंतर पाहू. पुराव्याचं पुस्तक त्याच्या लेखकाच्या विरुद्धसुद्धा साक्षीला उभं करता येतं. नुसत्या मताचं पुस्तक, मत पटलं नाही की रद्दीत.

कोणी म्हणेल, सिनेमा पाहावा की, पुस्तकं कायले पाहिजेत? तर ऐका. या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यातले बहुतेक आज कुठंच नाहीत. रिळं जळाली, कुजली, भंगारात गेली. पुण्याचं फिल्म संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर व्हायचा तो नाश होऊन गेला होता. म्हणजे त्या काळाचा सिनेमा आपल्याला पाहता येत नाही. त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं तेवढंच उरलं. लिहिणाऱ्यानं ज्याचं नाव गाळलं तो माणूस दुसऱ्यांदा मेला.

केरळचं उदाहरण घ्या. मल्याळम भाषेतला पहिला सिनेमा ‘विगतकुमारन’. काही पुस्तकांत त्याचं साल १९२८ आहे, काहींत १९३०. जे. सी. डॅनियल यांनी तो काढला. त्यात नायिकेचं काम पी. के. रोझी या दलित बाईनं केलं, आणि भूमिका होती नायर स्त्रीची. दलित बाई नायर होऊन पडद्यावर आली हे सवर्णांना सोसलं नाही. थिएटरात दंगा झाला. तिचं घर जाळलं. तिला मुलूख सोडून पळावं लागलं. सिनेमाची प्रत आज नाही. कित्येक वर्षं इतिहासाच्या पुस्तकांत डॅनियलच धड नव्हते, मग रोझी कुठून असणार? पत्रकार आणि दलित संशोधक जुनी माणसं शोधत, विचारत फिरले तेव्हा ती परत आली. २०१३ साली ‘सेल्युलॉइड’ नावाचा सिनेमा निघाला आणि साऱ्या देशाला तिचं नाव कळलं. सिनेमाच्या इतिहासाचं कोणतंही पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची नामसूची उघडतो आणि रोझी शोधतो. सापडली नाही म्हणून पुस्तक फेकत नाही. पण त्या लेखकानं कुठपर्यंत पाहिलं ते मला कळतं.

आता आपल्या मराठीकडे या. दादासाहेब फाळक्यांवर पुस्तकं पुष्कळ. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना पाठ आहे. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, कलावंतिणीसुद्धा तयार होईनात, म्हणून हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा पोरगा उभा केला, हे प्रत्येक पुस्तकात गंमत म्हणून येतं. पुढं १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं याच साळुंक्यानं केली. भारतीय सिनेमाची पहिली ‘नायिका’ आणि मोठा नट एका हॉटेलच्या भट्टीपाशी सापडला, ही लहान गोष्ट आहे का? पण पुस्तकं त्याला दोन ओळींत आटपतात आणि परत दादासाहेबांच्या त्यागाकडे वळतात. असं पुस्तक गौरवग्रंथ असतं, इतिहास नसतो. त्यापेक्षा फाळक्यांनी स्वतः १९१७-१८ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिलेले लेख कुठं मिळाले तर वाचा. माणूस स्वतः बोलतो तेव्हा लपवायचं तेही बोलून जातो.

बायकांच्या आत्मचरित्रांचं पाहा. यादीत दुर्गा खोटे यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) आहे, हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) नाही. असं का? दुर्गाबाई मोठ्या घरच्या. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ त्यांनी केला आणि घरंदाज बायकांना सिनेमाचं दार उघडलं, असं सगळी पुस्तकं म्हणतात. बाई मोठी होती, वाद नाही. पण हे वाक्य जरा उलटून बघा. घरंदाज बाईनं दार उघडलं म्हणजे त्याआधी आत ज्या बाया होत्या त्या मोजायच्या नाहीत का? १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई होत्या, नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या. हंसा वाडकर कलावंतिणीच्या घराण्यातली. घर चालवायला कोवळ्या वयात कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तिनं दारू, मारझोड, पुरुष, पैसा सगळं सांगितलं आणि अरुण साधूंनी ते उतरवून घेतलं. ‘घरंदाज’ या एका शब्दात सिनेमातली जात कशी लपते ते ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की दिसतं. एकच घ्यायचं असेल तर हंसाबाईंचं घ्या.

व्ही. शांतारामांचं ‘शांतारामा’ (१९८६) जाडजूड आहे आणि त्यात ‘मी’ फार आहे. तरी वाचण्यासारखं आहे. प्रभातचा १९३५ चा ‘धर्मात्मा’ एकनाथांवरचा, अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचा. आधी त्याचं नाव ‘महात्मा’ होतं, सेन्सॉरनं ते बदलायला लावलं. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, काळाराम १९३० चा. १९३५ साली येवल्यात बाबासाहेब सांगत होते की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि त्याच वर्षी पडद्यावर एकनाथ अस्पृश्याला जवळ घेत होता. हा मेळ घालणं आपलं काम आहे. शांतारामांनी साहित्य दिलं, हिशोब आपण मांडायचा. पण हे पुस्तक मोठ्या वाचनालयात मिळतं, आपल्या पैशानं घेऊ नका.

समीक्षेच्या पुस्तकांना आपल्याकडे नाक मुरडलं जातं. शॉट, कट, प्रकाशयोजना ही पोट भरलेल्यांची भाषा, असं म्हणतात. मित्रांनो, मला हे मुळीच पटत नाही. ‘फँड्री’वर आपल्या पोरांनी लिहिलेले लेख मी वाचले. सगळ्यांत एकच : विषय चांगला, दिग्दर्शक आपला, जय भीम. अरे, त्या सिनेमात मारलेलं डुक्कर बांबूला बांधून जब्याचं घर शाळेच्या भिंतीपुढून चालत जातं आणि त्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र आहे. कोणी तोंडातून शब्द काढत नाही. कॅमेरा नुसता बघत राहतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे बघणाऱ्याच्या कपाळावर. हे कसं केलं आणि असंच का केलं, हे सांगता आलं नाही तर नागराज मंजुळेंचं कौतुक करून उपयोग काय? उद्या दुसरा कोणी आपलाच विषय घेऊन आपल्यालाच दीनवाणं दाखवेल आणि आपण टाळ्या वाजवू. म्हणून अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) घ्या. त्यात जातीवर काही शोधायला जाऊ नका. सिनेमा कसा बघायचा, उजेड आणि अंधार काय बोलतात, ते त्यातून शिका. हत्यार कोणाच्या लोहारशाळेत घडलं हे पाहायचं नसतं, धार पाहायची असते.

धार आली की ‘सुजाता’ बघा. १९५९ चा बिमल रॉय यांचा. अस्पृश्य पोर सवर्ण घरात वाढते. घरातली आई तिला लेक मानायला तयार होते कधी? तर पोरीचं रक्त तिच्या अंगात गेल्यावर. सिनेमात गांधी आहेत, टागोरांची ‘चंडालिका’ आहे. बाबासाहेब नाहीत. लाखो लोकांनी नागपुरात धम्म घेतला त्याला तेव्हा तीन वर्षंच झाली होती. बिमल रॉय यांच्यावरचं पुस्तक घेताना एवढंच बघा : हा प्रश्न लेखकाला पडला आहे का? मानवतावाद, मानवतावाद म्हणून पानं भरली असतील तर ठेवून द्या.

तमाशापटाचंही तसंच. ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७ चा, ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा. दोन्हींत हंसा वाडकर. या सिनेमांनी मराठी धंदा जगवला असं इतिहासकार म्हणतात. पण फडात नाचली कोण? महार, मांग, कोल्हाटी बाया. ते समजायला सिनेमाची पुस्तकं पुरत नाहीत. शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) हे इंग्रजी पुस्तक तमाशावर आणि तमाशातल्या दलित बायांवर आहे. सिनेमाच्या कपाटात ते ठेवाच. इंग्रजी जड जाईल, तर चौघांनी मिळून वाचा. अण्णाभाऊंच्या कथांवरही ‘वैजयंता’ (१९६१), ‘फकिरा’ (१९६३) असे सिनेमे निघाले. १९६९ साली अण्णाभाऊ हलाखीत वारले. त्या कथांचे त्यांना किती पैसे मिळाले? मराठी चित्रपटाच्या इतिहासाचं पुस्तक उचललं की हा प्रश्न त्याला विचारा.

आता माझ्या दाराशी येतो. आमच्या भामरागडला इंद्रावती वाहते. तिच्या पलीकडे अबुझमाड, आणि त्यापुढं नारायणपूरकडचं गढबेंगाल गाव. तिथल्या चेंदरू नावाच्या मुरिया पोराला आणि त्याच्या वाघाला घेऊन आर्ने सुक्सडॉर्फ या स्वीडिश दिग्दर्शकानं १९५७ साली सिनेमा काढला. संगीत रविशंकरांचं. १९५८ ला तो कानच्या महोत्सवात गेला. चेंदरूला स्वीडनला नेऊन आणलं. पुढं तो गावातच गरिबीत राहिला आणि २०१३ साली वारला. जागतिक सिनेमाच्या पुस्तकांत सुक्सडॉर्फ सापडतो. चेंदरू सापडला तर ‘जंगलातला मुलगा’ म्हणून.

हेमलकशाचंही चित्र निघालं आहे. १९७३ साली इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि २०१४ साली त्यावर ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’ आला, नाना पाटेकरांचा. डॉक्टरांचं काम खरं आहे. त्यांनी माडिया शिकून घेतली, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. माझं भांडण कामाशी नाही, कॅमेऱ्याशी आहे. हीरो कोण हे नावातच ठरलं आहे. मग माडिया माणसानं काय करायचं? दुखणं घेऊन यायचं आणि बरं होऊन जायचं. तो शाळा शिकला, ग्रामसभेत बोलतो, मोबाईलवर स्वतः चित्रण करतो, हे कोणत्या पुस्तकात येणार?

ते आपण लिहिल्याशिवाय येणार नाही. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’च्या (१९४८) प्रस्तावनेत सांगून ठेवलं आहे की जिथं थेट पुरावा मिळत नाही तिथं तुटलेले दुवे तर्कानं जोडावे लागतात. पण तर्क लढवायला हातात काही दुवे तरी हवेत. खैरमोड्यांनी कागद जमवले म्हणून चरित्र झालं. वसंत मून यांनी कागद राखले म्हणून १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड निघाले. सिनेमाच्या बाबतीत आपला खैरमोडे अजून व्हायचा आहे.

तेव्हा चंद्रपूरकरांनो, पाच पुस्तकं अशी घ्या. हंसा वाडकर. खोपकर. शैलजा पाईक. आशीष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांचा भारतीय सिनेमाचा कोश, १९९९ ची सुधारलेली आवृत्ती. महाग आहे, जुनी प्रत शोधा. पाचवं विकत घ्यायचं नाही : १९२७-२८ च्या रंगाचारी समितीचा अहवाल आणि साक्षींचे खंड. सरकारनं नेमलेली ती समिती, तिच्यासमोर फाळक्यांपासून थिएटरवाल्यांपर्यंत लोक बोलले. स्कॅन केलेल्या प्रती मोबाईलवर उतरवता येतात.

आणि सहावी एक कोरी वही घ्या. तुमच्या जिल्ह्यात ज्या ज्या सिनेमाचं शूटिंग झालं, त्यात गर्दीत उभं राहिलेल्या प्रत्येकाला जाऊन भेटा. नाव लिहा, गाव लिहा, मजुरी किती मिळाली, जेवायला कुठं बसवलं ते लिहा. खाली तारीख घाला. ही माणसं म्हातारी होताहेत, हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

जय भीम.