सह्यकडा, मराठी काव्य-संगीतातील

दख्खन पठाराच्या पश्चिम कडेला, कोकणपट्टीच्या बाजूस एकदम तुटलेला सह्याद्रीचा उभा उतार. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांचे थर एकावर एक साचून झालेल्या बेसाल्ट खडकाचा हा कडा अनेक ठिकाणी कोकणच्या सपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंच आहे. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांच्या पूर्वेकडील क्षितिज त्यानेच बांधलेले आहे. समुद्रावरून येणारे पावसाळी ढग या भिंतीशी अडतात. पेण-रोह्याच्या भातशेतीचे जीवन त्यावर अवलंबून असते. मराठी कवितेने मात्र हा कडा खालून क्वचितच पाहिला.

राम गणेश गडकरी (गोविंदाग्रज) यांच्या महाराष्ट्रगीतात प्रदेशाचा खडकाळ राकटपणा हाच त्याचा अलंकार ठरला. पुढील कवींनी हे सूत्र उचलले आणि पाषाण हे पराक्रमाचे प्रतीक बनले. वसंत बापट यांच्या ‘केवळ माझा सह्यकडा’ या कवितेत हिमालय सर्वांचा, पण सह्यकडा आपला, अशी भूमिका आहे. तिचे बळ अभिनिवेशापेक्षा ‘केवळ माझा’ या शब्दांतील जवळिकीत अधिक आहे. अनुकरण करणाऱ्यांनी नेमका अभिनिवेश घेतला व जवळीक सोडली. माधव केशव काटदरे (१८९२–१९५८) यांची ‘हिरवे तळकोकण’ ही कविता याला महत्त्वाचा अपवाद होय. तीत सह्याद्री पार्श्वभूमीला राहतो आणि दृष्टी पायथ्याच्या वृक्षवेलींवर, फुलापाखरांवर रेंगाळते. नावांची जंत्री कोठे कोठे लांबते खरी. पण ती नावे त्या मातीतली आहेत.

तुलनेसाठी इंग्लंडमधील वेनलॉक एज हा कडा घेता येईल. श्रॉपशर परगण्यातील हा सिल्युरियन कालखंडातील चुनखडकाचा कडा उंचीने सह्याद्रीपुढे अगदी किरकोळ आहे. त्याला साहित्यात स्थान मिळाले ते ए. ई. हाउसमन (१८५९–१९३६) यांच्या अ श्रॉपशर लॅड (१८९६) या काव्यसंग्रहामुळे. हाउसमन शेजारच्या वुस्टरशरचे. श्रॉपशरच्या टेकड्या त्यांना लहानपणी पश्चिम क्षितिजावर दिसत. कड्यावरील झाडांना झोडपणारा वारा पाहून त्यांना जवळच्या नष्ट रोमन नगराची आठवण होते. तेथील मनुष्य गेला, त्याची तगमगही शमली आणि आताच्या मनुष्याचीही शमेल, असा त्या कवितेचा आशय आहे. येथेही कडा इतिहासाचा साक्षी आहे. पण तो गतवैभव राखून ठेवत नाही, ते नाहीसे झाल्याचे सांगतो. मराठी कवींनी दुर्गांच्या अवशेषांत नेमके याच्या उलट वाचले. शिवकालाची स्मृती जिवंत ठेवण्याची गरज वसाहतकाळात खरीच होती; तथापि त्यामुळे कड्याच्या अन्य कहाण्या झाकल्या गेल्या.

त्यांपैकी एक रोह्याच्या अगदी जवळची आहे. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रहाला (१९२१–२४) न जुमानता माथ्यावर धरण झाले. त्याचे पाणी कड्यावरून नळांवाटे उतरून भिरा येथील वीजगृह (१९२७) चालवते आणि कुंडलिकेतून कोलाड-रोह्याकडे वाहते. वर बुडालेली शेते आणि खाली वाढलेली नदी या दोन्हींना जोडणारा हा कडा गौरवगीतांत उतरला नाही. कड्यावरील साध्या माणसाची दखल गद्याने आधी घेतली, गो. नी. दांडेकर यांच्या माचीवरला बुधा या कादंबरीत राजमाची ही निव्वळ ऐतिहासिक वास्तू न राहता एका वृद्धाचे घर होते.

संगीतातील भेद अधिक ठळक आहे. रेफ व्हॉन विल्यम्स (१८७२–१९५८) यांनी हाउसमनच्या सहा कविता तारसप्तकातील पुरुषस्वर, पियानो व चार तंतुवाद्ये यांसाठी ऑन वेनलॉक एज (१९०९) या नावाने स्वरबद्ध केल्या. पहिल्या गीतात वादळ प्रथम वाद्यांत उठते, शब्द मागून येतात. एका कवितेतील दोन कडवी त्यांनी गाळली, हे हाउसमनना मुळीच रुचले नाही. उलट, राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले व शाहीर साबळे यांनी गायिलेले गीत समूहाला संचलनाची लय देते. त्यात सह्याद्रीचा सिंह शब्दांत गर्जतो. स्वररचनेचा हेतू भूदृश्य उभे करण्याचा नाही, तो श्रोत्यांना एकत्र आणण्याचा आहे व तो पूर्णपणे साधला आहे. या गीताची दोन कडवी १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारण्यात आली.