तोफा आल्या म्हणून तट बदलले? एक सुंदर साखळी तपासताना

रिसर्चला येणाऱ्यांनी एक छोटं पुस्तक जरूर वाचावं, आणि वाचताना त्याच्याशी थोडं भांडावं: पावेल रापोपोर्ट यांचं ‘प्राचीन रशियन किल्ले’ (१९६५). मूळ रशियन मी यांत्रिक भाषांतराच्या आधाराने वाचलं, त्यामुळे भाषेबद्दल बोलत नाही, फक्त युक्तिवादाबद्दल बोलतो.

युक्तिवाद असा: वेढ्याची पद्धत बदलली की किल्ला बदलतो. सुरुवातीला शत्रू वेढा घालून उपासमारीची वाट बघत बसायचा. तेव्हा मातीचा बांध आणि त्यावरचा लाकडी तट पुरायचा. तेराव्या शतकात मंगोल दगड फेकणारी यंत्रं घेऊन आले. पुढे जिकडून हल्ला सोपा, त्या बाजूला दगडी भिंत आणि बुरूज आले, इज्बोर्स्क बघा. पंधराव्या शतकात तोफा जोरदार झाल्या, नदी-दरीचा भरवसा संपला, म्हणून बुरूज चारही बाजूंना आणि आखणी चौकोनी: इवानगोरोद, १४९२.

पुस्तकाचं बळ इथेच आहे. ते किल्ल्याला नुसतं ‘भव्य’ म्हणून सोडत नाही. मारा कुठून येणार होता, हे विचारतं.

पण साखळी इतकी गुळगुळीत दिसली की मी थांबतो. मॉस्कोच्या क्रेमलिनचे विटांचे तट १४८५ ते १४९५ मधले. राजा तोच, तिसरा इवान. तोफाही त्याच काळातल्या. तरी आकार साधारण त्रिकोणी, कारण दोन बाजूंना नद्या आणि आत आधीपासून वसलेलं शहर. म्हणजे शस्त्राइतकंच जागेलाही महत्त्व आहे. आणि तो चौकोनी इवानगोरोद? १४९६ मध्येच स्वीडिश सैन्याने घेतला. नंतर तो वाढवावा लागला. आखणी नवी असली म्हणून किल्ला टिकतोच असं नाही. आत किती माणसं होती, हे नकाशात दिसत नाही.

रापोपोर्ट चुकले असं मी म्हणत नाही. त्यांचा नियम आपण कारण म्हणून पाठ करतो, तिथे गडबड होते. मीही केली आहे. थिसिसच्या एका चॅप्टरमध्ये लिहिलं होतं: तापमान वाढवलं, नमुन्यांना तडे गेले, म्हणून कारण तापमान. गाईडनी एवढंच विचारलं, “त्याच बॅचला पावडरही बदलली होती ना?” सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

म्हणून कुठलीही छान साखळी वाचली की आधी एक गोष्ट शोधा: कारण तेच असूनही परिणाम वेगळा आलेलं उदाहरण. ते सापडलं की तुमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.