‘ध्वनित’ या शब्दाची व्याप्ती

मराठी समीक्षेत ‘ध्वनित होणे’ हा प्रयोग ‘सूचित होणे’ याच्या जागी सर्रास केला जातो. ही सैल योजना इष्ट नव्हे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ‘ध्वनी’ ही संज्ञा वैयाकरणांकडून घेतली (आजच्या भाषाशास्त्रात ती उच्चारित नादाची वाचक आहे, हा घोटाळा निराळाच). परंतु सूचित अर्थ वाच्यार्थाहून प्रधान असावा, अशी अट तिला घातली. तो गौण असल्यास ते काव्य गुणीभूतव्यंग्य ठरते.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सूर्यास्ताचे उदाहरण घेतले आहे. सूर्य मावळला, एवढेच वाक्य. पण गुराख्याला ते गुरे घरी आणावयास सुचविते, मजुराला काम थांबवावयास, अभिसारिकेला निघावयास. वाच्यार्थ एक, व्यंग्यार्थ वक्ता, श्रोता व प्रसंग यांनुसार अनेक. मात्र अनेक म्हणजे वाटेल तितके नव्हेत. वाचकाला जे जे स्फुरेल ते सर्व शब्दांनी ध्वनित केले, असे म्हणणाऱ्या टीकेला या उदाहरणाचा आधार मिळत नाही.

अंगणात खेळणाऱ्या मुलाला आई ‘दिवेलागण झाली’ म्हणते, तेव्हा त्यात वेळेची वार्ता कमी आणि घरी येण्याची हाक अधिक असते. हेच वाक्य कादंबरीत केवळ वेळ सांगण्यासाठी आले, तर ती हाक तेथे ऐकण्यास काही कारण उरत नाही.