पक्षिणीचा शेवटचा घास

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी शाळेत पाठ केली. पाठ केलेल्या कवितेचे एक दुर्दैव असते. ती ओठांवर इतकी बसते की मनात उतरायची राहूनच जाते. आजोबांनी ती चालीवर म्हटली, वडिलांनी म्हटली, आणि सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र राहिले: बाण लागलेली पक्षीण पडत, उठत, पुन्हा उडत घरट्याकडे येते, चोचीतला घास पिलांना भरवते आणि प्राण सोडते. आईची माया! असे म्हणून आपण डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. मला वाटते, आपण जरा लवकरच मिटतो.

या कवितेत ख्रिस्ताचे नाव कुठेही नाही, आणि ख्रिस्ती कविता म्हणून ती कुणी शिकवीतही नाही. तरीसुद्धा, ख्रिस्ती माणूस देवाच्या ज्या प्रेमाविषयी बोलतो, जे प्रेम स्वतःला देऊन टाकते आणि देताना काही मागे ठेवीत नाही, ते समजून घेण्यासाठी आपल्या भाषेत हिच्यासारखी दुसरी वाट मला दिसत नाही. मी ख्रिस्ती नव्हे. धुळ्यात मुलांना मराठी शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा एक माणूस आहे. परंतु १९३२ साली याच गावच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि त्याच विनोबांनी पुढे ‘ख्रिस्तधर्मसार’ही सिद्ध केले. तेव्हा दुसऱ्याच्या अंगणातला दिवा पाहायला आमच्या गावात कुणाची परवानगी लागू नये.

देवाने भक्तासाठी कष्ट करणे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. जनाबाईबरोबर तो दळायला बसला. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन त्याने कावडीने पाणी वाहिले. दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन तो बिदरच्या दरबारात पैसे भरायला गेला. देवाने मोलमजुरी केली म्हणून आपण दचकत नाही. उलट तोच आपल्याला खरा देव वाटतो. आमच्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींची सुगरण आठवा. ती पिलांसाठी घरटे विणते. तिचे प्रेम म्हणजे तिचे काम. बहिणाबाईंची ही पक्षीण आणि टिळकांची ती पक्षीण शेजारी ठेवल्या म्हणजे फरक लख्ख दिसतो. एक लेकरांसाठी राबते, दुसरी लेकरांसाठी घास घेऊन येता येता मारली जाते.

आपल्या परंपरेतला देव राबतो, पण घायाळ होत नाही. शंकराने हलाहल प्याले, पण ते कंठातच राहिले. कृष्णाला व्याधाचा बाण लागला आणि त्याने त्या व्याधालाही अभय दिले, हे खरे. पण तो अवताराचा शेवट होता. त्या जखमेतून जगाला काही मिळाले असे आपण म्हणत नाही. ख्रिस्ती श्रद्धा नेमके तेच म्हणते. देवाला जखम झाली, ती माणसांनी केली, आणि त्याच जखमेतून माणसांचे भले झाले. मराठी मन इथे अडखळते, आणि अडखळावे हे स्वाभाविक आहे.

ही गोष्ट मराठीत सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर स्टीफन्स यांनी केला. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. जवळजवळ ११,००० ओव्यांचा तो ग्रंथ आहे. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने मराठीवर केलेले इतके प्रेम पाहून आपला ऊर भरून येतो. पण त्याच गोव्यात तेव्हा पोर्तुगीज सत्तेने लोकांची जुनी पुराणे बंद केली होती, हेही विसरता येत नाही. हातातला ग्रंथ काढून घेणाऱ्या राजवटीच्या सावलीत प्रेमाचे पुराण सांगणे, ही त्या थोर ग्रंथाच्या कपाळीची अडचण होती.

दुसरी अडचण शब्दांची. ख्रिस्त आपला प्राण द्यायला आला, हे सांगताना मराठी बायबलात ‘खंडणी’ हा शब्द आला. मूळ अर्थाच्या दृष्टीने तो चुकीचा नसेल. बंदिवानाला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत असा तो अर्थ. पण मराठी कानाला खंडणी म्हणजे गावाच्या वेशीवर आलेला घोडेस्वार, आणि आता तर भरबाजारात दुकानदाराला धमकावणारा गुंड. देवाचे प्रेम सांगायला निघालेला प्रचारक असा शब्द उच्चारतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो: ही खंडणी मागितली कोणी? देवानेच मागितली आणि देवानेच भरली, तर मग एवढा खटाटोप कशाला? पाप, दंड, जामीन, सुटका ही भाषा कोर्टकचेरीची. तिने माणूस गप्प होईल, त्याचे डोळे भरून येणार नाहीत.

टिळकांचे मोठेपण हे की त्यांनी हा विषय कचेरीतून उचलून घरट्यात आणला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ज्ञानोबा-तुकोबांची बोली सोडली नाही. अभंग लिहिले, कीर्तने केली, ख्रिस्ताला माउली म्हटले. यात नुसती कवीची युक्ती होती असे समजू नये. पिले पंखाखाली गोळा करू पाहणाऱ्या कोंबडीची उपमा ख्रिस्ताने स्वतःच स्वतःला दिली आहे, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांना माहीत असते. युरोपात मध्ययुगातल्या चित्रकारांनी पेलिकन पक्षी चितारला: स्वतःची छाती चोचीने फोडून रक्तावर पिलांना जगवणारा. तेथे ते ख्रिस्ताचे चिन्हच होऊन बसले. टिळकांची पक्षीण या पेलिकनची मराठी बहीण शोभते.

पण बहीणच, जुळी नव्हे. पेलिकन स्वतः छाती फोडतो. टिळकांच्या पक्षिणीला बाण मारला आहे. पेलिकनच्या चित्रात मारेकरी नाही. टिळकांच्या कवितेत तो आहे, आणि कवितेचे नाव त्याच्या कृत्यावरून ठेवले आहे. पुन्हा एकदा शीर्षक वाचा. ‘केवढे हे प्रेम’ असे टिळकांनी लिहिले नाही. ‘केवढे हे क्रौर्य!’ असे लिहिले. आपण मात्र चालीवर म्हणताना क्रौर्य विसरलो आणि माया तेवढी लक्षात ठेवली. मेलेल्या आईचे गुण गायचे आणि बाण मारणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हे सोयीचे असते.

ती पक्षीण मुकाट्याने मरत नाही. सकाळी गाऊन मी ज्यांना रमवले त्यांनीच मला मारले, असे ती पिलांना सांगते. दुबळ्या, निरपराध पाखराला मारणारा माणूस किती उदार, किती शूर, असा उपरोधही तिच्या तोंडी आहे. मग शेवटचा घास भरवते. माझ्या अंगात आता ऊब नाही, कुशीत शिरू नका, म्हणते. पिलांना देवाच्या हवाली करते. आणि रक्ताने पिलांचे अंथरूण भिजू नये म्हणून घरट्यातून खाली उतरून झाडाखाली मातीत निजते. इथवर पृथ्वी वृत्ताची धाप लागलेली चाल आहे. तिचा देह निष्प्राण होतो त्या शेवटच्या श्लोकात टिळकांनी वसंततिलका घेतले आहे. धडपड संपली, म्हणून वृत्तही निवले. ही कारागिरी वर्गात दाखवली की मुले आपोआप शांत होतात.

रक्ताने अंथरूण भिजू नये, या एका तपशिलात मला सारी आई दिसते. आई जखम झाकते. चटका बसलेला हात पदराखाली घेते आणि विचारले तर “काही नाही रे” म्हणते. ख्रिस्ताची कथा इथे वेगळे वळण घेते. शेवटच्या भोजनाला तोही घासच भरवतो. पण प्याला पुढे करून, हे माझे रक्त आहे, असेही सांगतो. मरणातून उठल्यावर संशयी थोमाला तो जखमेत बोट घालून पाहायला सांगतो. आई लपवते ते तो उघडे करतो. का? जी जखम कुणी पाहतच नाही तिच्याबद्दल कुणाला लाजही वाटत नाही, म्हणून. आणि ज्यांनी ती केली त्यांच्यासाठी तो क्षमा मागतो. पक्षीण क्षमेपर्यंत पोहोचत नाही. ती फिर्याद मांडते आणि मरते. म्हणून पक्षीण म्हणजेच ख्रिस्त, असे समीकरण मी मांडणार नाही. तिने अर्धी वाट दाखवली. परंतु क्रौर्याला क्रौर्य म्हटल्याशिवाय पुढच्या अर्ध्या वाटेवर पाऊल पडत नाही, कारण जे घडलेच नाही असे म्हणायचे त्याची क्षमा कसली?

गेल्या काही वर्षांतली वर्गातली गोष्ट. कविता संपल्यावर एका मुलीने विचारले, “सर, मग त्या पिलांना दुसऱ्या दिवशी कोणी भरवलं?” तिची आई त्याच पावसाळ्यात गेलेली होती. मी म्हणालो, “कवीने ते देवावर सोपवलं आहे, बाळ.” तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “आमच्याकडे मावशी आली.” समीक्षेची जाड पुस्तके चाळून मला याहून चांगले भाष्य मिळालेले नाही.

त्या मावशीचे नाव मराठी वाङ्मयात शोधायचे तर ते लक्ष्मीबाई टिळक असे आहे. सोवळ्याओवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या बापाच्या घरी ती वाढली. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा तिचे जग कोसळले. काही वर्षे ती त्याच्यापासून दूर राहिली, मग त्याच्या घरी आली, आणि जातिभेद देवाने केला नाही, माणसाने केला, हे स्वतःच्या बुद्धीने ठरवून १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी दुष्काळात, प्लेगात पोरकी झालेली मुले घरी आणावी आणि त्यांना लक्ष्मीबाईंनी न्हाऊ-माखू घालावे, अशी त्या घराची रीत होती. आमच्या धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्याला १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तोही नगरला त्याच घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढला. १९१८ साली भादलीच्या स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला. त्या पोराचे रुसवेफुगवे ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचताना आजही हसू येते, आणि मागून घसा दाटतो.

टिळक हातचे देऊन टाकणारे होते. घरात उद्याची सोय आहे की नाही हे न पाहता देत. असे देणे कवितेत फार शोभते. पण त्या देण्याचा जमाखर्च घरातल्या बाईला लिहावा लागतो. ‘स्मृतिचित्रे’ हा तो जमाखर्च आहे. लक्ष्मीबाईंनी जखम झाकली नाही; तिच्यावर हसून ती उघडी ठेवली. त्यात नवऱ्याची फिर्यादही आहे आणि त्याच्यावरचे अपार प्रेमही. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ नंतर, तिनेच पुढे नेले आणि त्याचे बहुतेक अध्याय लिहिले. परंतु देवाचे प्रेम कसे असते ते मला ‘ख्रिस्तायना’पेक्षा ‘स्मृतिचित्रां’त अधिक कळते. तेथे ते ओवीत नाही, चुलीपाशी आहे.

इथे माझे घरोघरच्या वाचकांना एक सांगणे आहे. आत्मत्यागाच्या स्तुतीत एक धोका असतो. आईचा त्याग थोर, असे दहा वेळा म्हटले की आईने उपाशी राहणे हा कुळाचार ठरतो. ख्रिस्ती कथेचा रोख याच्या उलट आहे. तेथे दुबळ्याला मरायला सांगितलेले नाही. ज्याच्या हाती सर्व सत्ता होती त्याने आपण होऊन खाली उतरून शिष्यांचे पाय धुतले आणि मरण पत्करले. मोठ्याने लहानासाठी झिजावे, असा त्या कथेचा नेम आहे. हा नेम उलटा फिरवून लहानाकडून त्याग वसूल करणे म्हणजे मात्र खरीच खंडणी.

आमच्याकडे नवापूर-चिंचपाडा भागात (तो १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता) अनेक आदिवासी कुटुंबे ख्रिस्ती आहेत, आणि चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात जात-धर्म न विचारता रोगी तपासला जातो. धर्मांतरावर आपण वाद घालतो. घालावा, तो वाद खोटा नाही. स्टीफन्सांच्या गोव्याने तो आपल्याला शिकवलाच आहे. पण वाद घालताना एवढे पाहावे की बाण कोणाच्या हातात आहे आणि घास कोणाच्या चोचीत. हे दोन ओळखता आले म्हणजे टिळकांची ती जुनी कविता नुसती पाठ न राहता कळली असे म्हणता येईल.

या दिवाळीत घरातल्या एखाद्या मुलाला ती मोठ्याने म्हणायला सांगा. शीर्षकासकट. आणि मग जिने पहाटेपासून सर्वांना फराळ वाढला आणि स्वतः अजून तोंडात काही घातले नाही, तिच्यापुढे पहिले ताट ठेवा.