स्वप्नोपदेश आणि जागृतीचे ऋण

मराठी संतकाव्य शिकविणाऱ्या शिक्षकास एका प्रश्नाचे उत्तर केव्हा ना केव्हा द्यावेच लागते. ज्या संतांनी संसारास स्वप्नवत् म्हणून मिथ्या ठरविले, त्यांनीच आपल्या आयुष्यातील निर्णायक घटना स्वप्नात घडल्याचे सांगितले आहे. स्वप्न खोटे, तर स्वप्नातील गुरू खरा कसा? यास आजवर दोन सोयीची उत्तरे मिळत आली. श्रद्धाळू चरित्रकार तो चमत्कार मानून हात जोडतात. चिकित्सक अभ्यासक ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ एवढे म्हणून पुढे जातात. दोन्ही उत्तरांत काव्य वाचावयाचे तेवढे राहून जाते, असे आम्हांस वाटते.

प्रथम या प्रश्नामागील तत्त्वविचार पाहू. छांदोग्योपनिषदाच्या आठव्या अध्यायात, गाढ झोपेतील निःस्वप्न शांती हाच आत्मा, असे प्रजापती इंद्रास सांगतो. इंद्राचे त्याने समाधान होत नाही. जेथे ‘मी’ची जाणीव उरत नाही आणि इतर भूतांचीही उरत नाही, ती अवस्था नाशासारखीच, तीत हित ते कोणते, अशी शंका घेऊन तो वाटेतून परत फिरतो. निद्रेची विश्रांती म्हणजे मोक्ष नव्हे, हे येथे स्पष्ट झाले. स्वप्नाविषयी शंकराचार्यांचा विचार अधिक सूक्ष्म आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात ते म्हणतात की, स्वप्नातील सर्पदंश खोटा असला, तरी तो अनुभवल्याचे ज्ञान जागे झाल्यावर खोटे ठरत नाही. वेदान्तपरंपरेत याच अर्थाने सिंहाचा दृष्टान्त रूढ आहे: स्वप्नातील सिंह खोटा, परंतु त्याच्या भयाने येणारी जाग खरी. तेव्हा स्वप्नाचे मोल त्यात काय दिसले यावर ठरत नसून, त्याने कोणती जागृती आणली यावर ठरते.

हे माप घेऊन तुकोबांचे स्वप्नविषयक अभंग वाचावेत. एका अभंगात नामदेव पांडुरंगास बरोबर घेऊन स्वप्नात येतात, तुकोबांना कवित्वाची आज्ञा करतात आणि आपल्या शतकोटी अभंगांच्या संकल्पातील उरलेली संख्या त्यांच्याकडे सोपवितात. दुसऱ्या अभंगात माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, बाबाजी मस्तकी हात ठेवून ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र देतात. त्यांनी भोजनास पावशेर तूप मागितले, पण स्वप्नात त्याचा विसर पडला, असे तुकोबा सांगतात. या विसराची नोंद हाच त्या अभंगाचा प्राण होय, असे आमचे मत आहे. केवळ अधिकार मिळविण्यासाठी स्वप्न रचणाऱ्याने गुरूची यथासांग सेवा केल्याचे वर्णन केले असते. तुकोबांनी आपली उणीव लिहून ठेविली. एका स्वप्नात अभंगांची बाकी राहिली, दुसऱ्यात तुपाची. दोन्ही स्वप्ने द्रष्ट्यास ऋणी करून जागे करतात.

बहिणाबाईंच्या (१६२८–१७००) आत्मनिवेदनात हा भार अधिकच कठोर होतो. कोल्हापुरास असताना जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांची वाणी त्यांच्या कानी आली, ध्यास लागला, आणि तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. ब्राह्मण घरातील विवाहित मुलीने शूद्र मानलेल्या वाण्यास गुरू करणे, ही गोष्ट त्या काळच्या जागृतीत अशक्यप्राय होती. पतीचा रोष त्यांनी सोसला व तो अभंगांत सांगितलाही. पुढे देहूस जाऊन त्यांनी तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन घेतले, आणि ब्राह्मण कोणास म्हणावे याचा विचार करणारे ‘वज्रसूची’ मराठी अभंगांत आणले.

येथे कोणी म्हणेल की, ज्यांना जागेपणी अधिकार नाकारला गेला, त्यांनी तो स्वप्नात मिळविला, इतकाच याचा अर्थ. या म्हणण्यात तथ्य आहे. स्वप्नाच्या दारावर राखणदार नसतो. तथापि एवढ्याने एकनाथांचा उलगडा होत नाही. पैठणच्या या विद्वान ब्राह्मणास अधिकाराची वाण नव्हती. तरीही त्यांच्या अभंगात ज्ञानेश्वर स्वप्नात येऊन, अजानवृक्षाची मुळी कंठास लागली आहे, ती येऊन काढ, असे सांगतात. नाथ आळंदीस गेले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पूर्ण केली. अपपाठांनी कोंडलेला ग्रंथाचा कंठ मोकळा करणे हीच ती मुळी काढणे, असा अर्थ आम्ही करतो. म्हणजे ज्यास अधिकार नव्हता त्यास स्वप्नाने काम दिले, आणि ज्यास होता त्यासही कामच दिले.

ही दृष्टी केवळ मराठीची नव्हे, हे आम्हां सीमाभागातील वाचकांस सहज पटावे. नंदगड ज्या खानापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कणकुंबीस मलप्रभा उगम पावते आणि कूडलसंगमास कृष्णेला मिळते. बाराव्या शतकात त्या संगमावर बसवेश्वर उपासनेत रमले होते. हरिहर कवीच्या कन्नड रगळेत संगमनाथ स्वप्नात येऊन त्यांना मंगळवेढ्यास, बिज्जळाच्या दरबारी, जाण्याची आज्ञा करतात. संगम सोडणे बसवेश्वरांस दुःसह वाटते, तरी ते निघतात. येथेही स्वप्न आश्रयातून उठवून कर्मात लोटते.

आधुनिक मानसशास्त्राचा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. फ्रॉइडने १९०० सालच्या आपल्या ग्रंथात स्वप्नास इच्छापूर्ती म्हटले. १९५३ साली शिकागोच्या संशोधकांनी निद्रेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध प्रसिद्ध करून स्वप्नांच्या शारीर अभ्यासाची वाट उघडली. तुकोबांचे स्वप्न त्यांच्या ध्यासातून आले, हे मान्य केल्याने काहीही बिघडत नाही. शास्त्र स्वप्नाचा उगम शोधते, संतकाव्य त्याचे फळ तपासते. मात्र ही तपासणी कडक हवी. कारण स्वप्नदृष्टान्ताची बतावणी करून लोकांस नाडणारे भोंदूही याच समाजात आहेत. कसोटी लोककथेनेच दिली आहे. हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेले राज्य जागेपणी सोडले. जे स्वप्न द्रष्ट्यावर भार घालते, त्याचा आदर करावा. जे इतरांवर भार घालून द्रष्ट्यास मोठे करते, त्याविषयी सावध असावे.

अर्थात स्वप्नानंतरची जागृती अखेरची, असेही संत मानीत नाहीत. ‘अमृतानुभवा’च्या तिसऱ्या, वाचाऋणपरिहार या प्रकरणात ज्ञानेश्वर म्हणतात की, चारी वाचांच्या हाकेने आत्म्याची झोप उडते खरी, तथापि ते जागणेही एक झोपच असल्यामुळे वाचांचे ऋण पुरते फिटत नाही. आषाढीस निजलेला देव कार्तिकीस जागा होतो, आणि पंढरीत रोज पहाटे त्यास काकडा दाखवून पुन्हा जागवितात. जागे होणे एकदाच उरकण्याजोगे नाही, हे वारकऱ्यांस आचारातून ठाऊक आहे.

म्हणून वर्गात हे अभंग शिकविताना, स्वप्न खरे की खोटे, या वादात तास घालवू नये. दुसऱ्या दिवशी उठून तुकोबांनी, बहिणाबाईंनी, नाथांनी काय केले, हे विद्यार्थ्यांस विचारावे. त्याचे उत्तर ग्रंथांत आहे, आणि ते तपासून पाहता येते.