अवघड शाळा मोजायची कशी?

जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी ७ एप्रिल २०२१ च्या शासन निर्णयाने ‘अवघड क्षेत्रा’चे सात निकष दिले. त्यांतले तीन पुरे झाले की शाळा अवघड. तिथे तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदली मागण्याचा अधिकार. त्यातला पावसाचा निकष आपण महाड-पोलादपूरला लावून पाहू. वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि आपत्तीमुळे बहुतांश वेळा तुटणारा संपर्क, असा तो आहे. या दोन्ही तालुक्यांत पाऊस २००० च्या बराच पुढे जातो. म्हणजे महामार्गालगतची शाळा आणि डोंगरावरच्या वाडीतली शाळा या आकड्याने वेगळ्या होतच नाहीत! उरते ते ‘बहुतांश वेळा’. म्हणजे किती दिवस?

शिवाय वार्षिक बेरीज धोका सांगत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या तळिये गावी आणि पोलादपूरच्या केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. तिथे थोड्या वेळात किती पाऊस पडला आणि उतार किती तीव्र, हे महत्त्वाचे होते.

शिक्षक संघटनांच्या निवेदनांतही, खेदाने म्हणावे लागते, ‘दुर्गम’, ‘अत्यंत गैरसोयीची’ अशी विशेषणेच फार. साहेब ती ऐकून घेतात. फाईल पुढे सरकते की नाही, देव जाणे. त्यापेक्षा सपाट बुडाचा, सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवावा आणि मुलांनी रोज सकाळी त्यातले पाणी पट्टीने मोजावे. रस्ता किती तास बंद होता, एसटी आली की नाही, हेही त्याच वहीत लिहावे. दोन-तीन पावसाळ्यांच्या अशा वह्या संघटनेने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या, तर ‘बहुतांश’ म्हणजे किती, हे त्यांनाच सांगावे लागेल.